नाव बाटलीवरचं, सही सरकारची

बव्हेरियात डॉपेलबॉक नावाची बिअर बनते. रंगाने गडद तपकिरी, अंगाने दाट, चवीला खरपूस आणि गोडसर. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत अंगात ताकद राहावी म्हणून म्युनिकमधल्या पाउलानर मठातले साधू अशी पौष्टिक बिअर बनवत. त्यांच्या बिअरला पुढे ‘साल्वाटोर’ हे नाव मिळालं. तिच्या वाटेने जाणाऱ्या इतर ब्रुअऱ्यांनी आपापल्या बिअरच्या नावाला शेवटी ‘आटोर’ जोडलं आणि आजही अनेक डॉपेलबॉक त्या शेवटावरून ओळखता येतात.

ही बिअर लागर आहे, याबद्दल बिअर बनवणाऱ्यांत दुमत नाही. तरीही २०११ सालापर्यंत ती अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात विकायची, तर बाटलीवर ‘एल’ किंवा ‘माल्ट लिकर’ असं छापावं लागे. आत लागर, बाहेर एल. बनवणाऱ्याला हे चूक आहे हे ठाऊक होतं, आयातदारालाही ठाऊक होतं. छापलं नाही तर माल दुकानात पोहोचत नसे, म्हणून छापावं लागे.

परदेशी बिअरच्या नावाला असे किती सरकारी हात लागतात, ते या प्रकरणात पाहायचं आहे. कुठे अल्कोहोलचं प्रमाण नाव ठरवतं, कुठे कर, कुठे घटक, तर कुठे गावाचा नकाशा. हे कायदे तपासताना एक कसोटी हाताशी ठेवू: कायदा पाळून लेबल छापल्यावर गिऱ्हाइकाला बाटलीतल्या पेयाविषयी आधीपेक्षा जास्त कळतं की कमी?

लागर आणि एल म्हणजे काय

बिअर मुख्यतः पाणी, मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट, हॉप्सची फुलं आणि यीस्ट यांची बनते. माल्टमधली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं. लागर आणि एल यांच्यातला फरक इथे पडतो.

एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करतं. ऊब मिळाल्यामुळे ते फळांची, मसाल्यांची आठवण देणारे सुगंध तयार करतं. लागरचं यीस्ट वेगळ्या जातीचं, संकरातून आलेलं आहे. ते ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश आंबवतं. त्यानंतर ही बिअर गोठणबिंदूच्या जवळच्या तापमानात काही आठवडे मुरत ठेवतात. त्यामुळे तिची चव स्वच्छ लागते आणि माल्ट व हॉप्स ठळकपणे जाणवतात.

या फरकाचा अल्कोहोलच्या प्रमाणाशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये साडेतीन टक्क्यांची एल मिळते आणि बव्हेरियात सात-साडेसात टक्क्यांची लागर. रंगाशीही संबंध नाही, कारण डॉपेलबॉक काळपट असूनही लागरच आहे. हे ध्यानात घेतलं की टेक्ससच्या नियमाचं मूळ दुखणं कळतं.

टेक्सस: टक्क्यांवरून बारसं

टेक्ससच्या नियमात वजनाने ४ टक्के अल्कोहोल ही रेषा होती. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका असल्याने वजनाचे ४ टक्के म्हणजे आकारमानाचे साधारण ५ टक्के. या रेषेपर्यंतच्या पेयाला ‘बिअर’ म्हणायचं आणि रेषेच्या वर गेलं की ‘एल’ किंवा ‘माल्ट लिकर’. यीस्ट कुठलं, तापमान किती, मुरवलं किती दिवस, यातलं काहीही विचारायचं नाही.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. जर्मनीतून येणाऱ्या कडक लागरींना एल व्हावं लागलं. उलट, इंग्रजी धाटणीच्या हलक्या एलला ‘एल’ म्हणायला बंदी होती. तिने स्वतःला नुसतं ‘बिअर’ म्हणवून घ्यायचं. एका राज्यासाठी निराळं लेबल छापणं लहान आयातदाराला परवडत नाही. म्हणून काही बाटल्यांवर ‘टेक्ससमध्ये एल’ अशी बारीक ओळ छापलेली असे आणि ती टेक्ससबाहेरच्या गिऱ्हाइकाच्याही हाती पडे.

ऑस्टिनजवळच्या जेस्टर किंग या लहान ब्रुअरीने, ऑथेंटिक बेव्हरेजेस या कंपनीने आणि एका रेस्टॉरंटने राज्याच्या मद्य आयोगावर खटला भरला. डिसेंबर २०११मध्ये फेडरल न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल दिला. कंपन्यांच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण नावाच्या मुद्द्यावर त्या जिंकल्या. खरी माहिती छापण्यापासून सरकार व्यापाऱ्याला अडवत असेल, तर तो अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याचा भंग ठरतो, असं न्यायालयाने मानलं.

आयोगाचा बचाव असा होता की, कायद्याने ‘एल’ची व्याख्या केली आहे, म्हणून त्या व्याख्येप्रमाणे छापलेलं लेबल खरंच आहे. न्यायाधीशांनी यावर उलट उदाहरण दिलं: या तर्काने उद्या राज्य ‘दूध’ या शब्दाची व्याख्या रात्री उडणारा, किडे खाणारा सस्तन प्राणी अशी करू शकेल. कायद्यात लिहिलं म्हणून शब्दाचा लोकांच्या मनातला अर्थ बदलत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. पुढे १ सप्टेंबर २०२१पासून टेक्ससने बिअर आणि एल हे वेगळे परवाने व कप्पे काढून टाकले आणि सगळ्यांना ‘माल्ट बेव्हरेज’ या एका नावाखाली आणलं.

आकडा लपवला की नावावर भार पडतो

टेक्ससला असा नियम का सुचला असेल? अमेरिकेतली दारूबंदी १९३३मध्ये उठली. १९३५च्या फेडरल कायद्याने बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापायलाच मनाई केली. आकडे दिसले की कंपन्या कडकपणाची स्पर्धा लावतील आणि लोक जास्त पितील, ही त्यामागची भीती होती. अशा वातावरणात बिअर किती कडक आहे, हे सांगायला नावाशिवाय दुसरं काही उरत नाही.

ही मनाई साठ वर्षं टिकली. कुअर्स कंपनीने १९८७मध्ये प्रमाण छापायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५मध्ये न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली. ‘५.२ टक्के’ असं स्वच्छ छापायचा मार्ग कायमचा मोकळा झाला. साधा आकडा जे काम चोख करतो, तेच काम ‘एल’ या नावावर लादणं त्यानंतर आणखीच निरर्थक झालं होतं. तरीही टेक्ससचा नियम पुढची सोळा वर्षं चालू राहिला. कायदा ज्या कारणासाठी जन्मतो, ते कारण संपल्यावरही तो जगतो आणि त्याची किंमत लेबल वाचणारा मोजतो.

जपान: कराच्या वहीतून आलेलं नाव

बेल्जियममध्ये ‘वितबिअर’ म्हणजे पांढरी बिअर बनते. तिच्यात माल्टबरोबर मोड न आणलेला गहू असतो, शिवाय धणे आणि संत्र्याची साल. हूगार्डन गावातली ही परंपरा जवळपास नामशेष झाली होती. पिएर सेलिस यांनी १९६६मध्ये ती पुन्हा जिवंत केली. हेच सेलिस पुढे टेक्ससला गेले आणि १९९२मध्ये ऑस्टिनमध्ये त्यांनी ब्रुअरी काढली. पांढरी बिअर जगभर पोहोचवण्यात या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे.

जपानमध्ये मात्र या बिअरच्या बाटलीवर ‘हाप्पोशु’ असं छापलेलं असे. शब्दशः फेसाळतं मद्य; व्यवहारात कायद्याने ‘बिअर’ न मानलेलं पेय. जपानच्या मद्यकर कायद्यानुसार, पाणी आणि हॉप्स सोडून बाकी घटकांत किमान ६७ टक्के माल्ट असेल तरच ती बिअर. जोडीला तांदूळ, मका, बटाटा, स्टार्च अशा ठरलेल्या गोष्टीच चालत. धणे त्या यादीत नव्हते, संत्र्याची सालही नव्हती.

ही व्याख्या करासाठी होती. माल्ट जास्त तर कर जास्त. म्हणून जपानी कंपन्यांनी १९९४पासून मुद्दाम कमी माल्टची स्वस्त पेयं बाजारात आणली. कर वाचला, किंमत उतरली, खप वाढला. त्यामुळे ‘हाप्पोशु’ म्हणजे बिअरची स्वस्त नक्कल, अशी जपानी गिऱ्हाइकाची समजूत पक्की झाली. आता त्याच कप्प्यात बेल्जियमची जुनी, निगुतीने बनवलेली बिअर जाऊन बसली. शिवाय ५० टक्के किंवा त्याहून जास्त माल्ट असलेल्या हाप्पोशुला बिअरइतकाच कर होता. म्हणजे पांढऱ्या बिअरला करात सवलत नाही आणि बिअर म्हणवून घेण्याचा मानही नाही.

१ एप्रिल २०१८ला जपानने व्याख्या बदलली. माल्टची किमान मर्यादा ६७वरून ५० टक्क्यांवर आली. माल्टच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत फळं, धणे, मिरी, औषधी वनस्पती, चहा अशा गोष्टी घालायला मुभा मिळाली. त्यानंतर बेल्जियन धाटणीच्या अनेक बिअरना आपलं नाव घेऊन जपानी दुकानात उभं राहता आलं. कराचे दरही टप्प्याटप्प्याने एकमेकांजवळ आणले गेले. २०२०पूर्वी ३५० मिलिलिटरच्या डब्यावर बिअरला ७७ येन आणि कमी माल्टच्या हाप्पोशुला सुमारे ४७ येन कर होता. ऑक्टोबर २०२६पासून सगळ्यांना ५४.२५ येन असा एकच दर ठरवलेला आहे. कर समान झाला की नावाच्या भिंतीमागचं आर्थिक कारणच उरत नाही.

जर्मनी: ‘बिअर’ कुणाला म्हणायचं

बव्हेरियाच्या राजघराण्याने २३ एप्रिल १५१६ला इंगोलश्टाट इथे एक फर्मान काढलं. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही. हाच पुढे जर्मनीचा प्रसिद्ध शुद्धतेचा नियम झाला. यीस्टचं काम तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून फर्मानात त्याचा उल्लेख नाही. विसाव्या शतकात हा नियम जर्मनीच्या बिअर-कर कायद्यात आला आणि त्याला एक धार मिळाली: नियम न पाळणाऱ्या परदेशी पेयाला जर्मनीत ‘बिअर’ या नावाने विकता येत नसे.

शेजारच्या देशांत तांदूळ, मका, साखर घालून बिअर बनते आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला बिअरच म्हणतात. युरोपीय आयोगाने जर्मनीला न्यायालयात खेचलं. १२ मार्च १९८७ला युरोपीय न्यायालयाने जर्मनीच्या विरोधात निकाल दिला. जर्मन माणसाला आपली शुद्ध बिअर ओळखता यावी, ही इच्छा न्यायालयाने गैर मानली नाही. पण त्यासाठी लेबलवर घटक लिहिले की पुरे. दुसऱ्याचं नाव हिरावून घ्यायची गरज नाही, असं ठरलं. एका देशाच्या कायद्याने लोकांच्या सवयी कायमच्या गोठवून ठेवू नयेत आणि त्या सवयींचा फायदा देशी उद्योगालाच मिळावा असं पाहू नये, हा विचार या निकालात स्पष्टपणे मांडला आहे.

या निकालाने जर्मन बिअर बुडाली नाही. तिथल्या बहुतेक ब्रुअऱ्या आजही आपल्या मर्जीने तो नियम पाळतात आणि बाटलीवर अभिमानाने छापतात. अडचण झाली ती देशातल्याच एका ब्रुअरीची. ब्रांडेनबुर्गमधल्या नॉयत्सेल्ले मठाच्या ब्रुअरीत काळ्या बिअरमध्ये साखरेचा पाक घालत. परदेशी बिअरला मिळालेली मोकळीक तिला मात्र नाकारली जात होती. बिअर हे नाव वापरण्यासाठी ती अनेक वर्षं झगडली आणि २००५मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला.

गावाचं नाव कुणाचं

आतापर्यंतच्या कायद्यांनी नाव हिरावलं. काही कायदे नाव राखतात, आणि तिथे प्रश्न जास्त अवघड होतो.

१८४२मध्ये बोहेमियातल्या प्ल्झेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने सोनेरी लागर बनवली. गावाच्या जर्मन नावावरून तिला ‘पिल्सनर’ म्हणू लागले. तिची नक्कल इतक्या ठिकाणी झाली की ते नाव जगभर एका प्रकाराचं नाव बनलं. चेक लोक मात्र आजही ‘पिल्सनर’ हा शब्द प्ल्झेनच्या बिअरपुरताच ठेवतात. बाकीच्या बिअर, कितीही सारख्या असल्या, तरी त्यांच्या लेखी पिल्सनर नव्हेत.

अमेरिकेच्या फेडरल नियमांत याची नोंद पाहण्यासारखी आहे. डॉर्टमुंडर, व्हिएन्ना, म्युनिक, कुल्मबाखर, पिल्सनर ही गावांवरून आलेली आणि अजून सर्वसामान्य न झालेली नावं, अशी यादी तिथे दिली आहे. त्यांच्यात साल्वाटोरही आहे, जरी ते गावाचं नाव नाही. दुसऱ्या ठिकाणी बनवलेल्या बिअरवर यातलं नाव छापायचं, तर जोडीला ‘टाइप’, ‘अमेरिकन’ किंवा खरं ठिकाण सांगणारे शब्द हवेत. अपवाद एकच: अमेरिकेत बनलेल्या बिअरला, ती त्या प्रकारात बसत असेल, तर नुसतं ‘पिल्सनर’ म्हणता येतं. म्हणजे देशी पिल्सनरला मोकळीक, पण समजा हॉलंडहून आलेल्या पिल्सनरला आपलं ठिकाण जोडूनच नाव लावायचं.

युरोपीय संघाचा नियम याच्या उलट टोकाला आहे. कोलोन शहराची ‘क्योल्श’ ही फिकट, नाजूक एल. १९८६मध्ये तिथल्या ब्रुअऱ्यांनी तिची व्याख्या लेखी मान्य केली. पुढे तिला युरोपीय संघाचं संरक्षित भौगोलिक नाव मिळालं. आता संघाच्या हद्दीत दुसऱ्या कुणी ‘क्योल्श’ छापायचं नाही. ‘क्योल्श पद्धतीची’ असंही नाही. अमेरिकेतली एखादी लहान ब्रुअरी घरी ‘क्योल्श-स्टाइल’ म्हणून विकत असलेली बिअर युरोपात पाठवणार असेल, तर तिला नाव बदलावं लागतं. एकाच बाटलीला समुद्राच्या दोन तीरांवर दोन नावं.

याची सगळ्यांत गाजलेली कहाणी बडवाइझरची आहे. चेस्के बुडेयोव्हित्से या बोहेमियन शहराचं जर्मन नाव बुडवाइस. तिथली बिअर ती बुडवाइझर. अमेरिकेतल्या आनहॉयझर-बुश कंपनीने १८७६मध्ये याच नावाने बिअर काढली. त्या शहरातली बुडवार ब्रुअरी सुरू झाली १८९५मध्ये. नाव त्या शहराचं खरं, पण बुडवारच्या आधी ते वापरलं अमेरिकन कंपनीने. वाद शंभर वर्षांहून जास्त चालला आणि देशागणिक वेगळा सुटला. अमेरिकेत चेक बिअर ‘चेकवार’ नावाने विकली जाते. युरोपातल्या बऱ्याच देशांत अमेरिकन बिअर नुसती ‘बड’ होते. ब्रिटनमध्ये दोघींनाही ‘बडवाइझर’ म्हणायला न्यायालयाने मुभा दिली.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. कोकणातल्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा ‘हापूस’ म्हणून पेटीत भरला जातो, आणि देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला त्याचा फटका बसतो. कोलोनच्या ब्रुअरची तळमळ म्हणूनच समजू शकते. गावाचं नाव राखणारा कायदा आपल्या कसोटीवर उतरतो, कारण तो गिऱ्हाइकाला एक खरी गोष्ट सांगतो: ही बिअर अमुक ठिकाणची आहे. मात्र जे नाव दीडशे वर्षं जगभर प्रकाराचं नाव म्हणून वापरात आहे, ते एका गावाकडे परत नेता येत नाही. तिथे ‘कुठे बनली’ हे स्पष्ट छापायला लावणं हाच न्याय्य मार्ग उरतो.

महाराष्ट्रात: माइल्ड की स्ट्राँग

महाराष्ट्रात बिअरचा कारभार मुळात १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली चालतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यावर देखरेख ठेवतो. इथे व्यवहारातली मुख्य विभागणी अल्कोहोलच्या प्रमाणावर आहे: ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यावर स्ट्राँग. दुकानदारही हेच विचारतो. त्यामुळे म्युनिकची डॉपेलबॉक आणि देशी कडक लागर एकाच ‘स्ट्राँग’ खणात बसतात, जरी त्यांच्या चवीत काहीच साम्य नसलं तरी.

टेक्ससपेक्षा आपली स्थिती एका बाबतीत बरी आहे. ‘स्ट्राँग’ हा शब्द फक्त कडकपणाबद्दल बोलतो; बिअरच्या प्रकाराबद्दल खोटं काही सांगत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मद्यविषयक मानकं २०१८मध्ये आली आणि १ एप्रिल २०१९पासून लागू झाली. त्यांत लागर, एल, गव्हाची बिअर, स्टाउट, पोर्टर असे प्रकार ओळखले आहेत. वैधानिक इशारा आणि अल्कोहोलचं प्रमाण लेबलवर सक्तीचं आहे. म्हणजे कराचा कप्पा एका बाजूला आणि बिअरचा प्रकार दुसऱ्या बाजूला, दोन्ही स्वतंत्र छापता येतात.

चांगल्या लेबलाची चार कामं

इतक्या देशांचे नियम पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. लेबलवर सांगायच्या गोष्टी चार आहेत आणि प्रत्येकीला आपली जागा आहे. बिअर किती कडक आहे, ते आकड्याने सांगावं. आत काय घातलं आहे, ते घटकांच्या यादीने सांगावं. कुठे बनली, ते ठिकाणाच्या नावाने सांगावं. कर कुठल्या दराने भरला, हे बनवणारा आणि सरकार यांच्यातलं काम आहे. छापायचंच असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापावं. हे चारही खरेपणाने केलं, तर बिअरच्या प्रकाराचं नाव ती बनवणाऱ्या परंपरेकडे सुखाने सोपवता येतं. त्या नावाने गिऱ्हाइकाची फसवणूक होते का, एवढंच कायद्याने पाहावं.

टेक्सस, जपान आणि जर्मनी या तिन्ही ठिकाणी चूक एकच झाली: यातलं एक काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं गेलं. टेक्ससने आकड्याचं काम प्रकाराच्या नावाला दिलं, जपानने कराचं दिलं, जर्मनीने घटकांच्या यादीचं दिलं. तिन्ही ठिकाणी सुधारणा झाली ती ही कामं पुन्हा वेगळी केल्यावर. पुढच्या वेळी कुठलीही आयात केलेली बाटली, मग ती बिअरची असो, ऑलिव्ह तेलाची किंवा मधाची, हातात घ्याल तेव्हा मोठ्या अक्षरांतल्या नावाबरोबर तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आकडा, घटक आणि ठिकाण या तीन गोष्टी जुळल्या, तर वरच्या नावावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या जुळत नसतील, तर नावावर जाऊ नका आणि दुकानदाराला त्याचं कारण विचारा.